पान सात, खालचा कोपरा

पांढरा धूर निघाला त्या रात्री
मी जालन्यात ड्युटीवर होतो, मुद्रितं वाचत.
डेस्कवरच्या टीव्हीत एक धुराडं
आणि त्याच्याकडं तोंड वर करून उभी लाखभर माणसं.
मोईन पान लावता लावता म्हणाला,
"एवढ्याशा धुराचं काय कौतुक, बोर्डे?
एमआयडीसीत चला."
खरंय. आमच्याकडं धूर म्हणजे रोलिंग मिल, सळई,
दोरीवरच्या धुण्यावर काजळी.
त्यातून कुणी सज्जात येऊन
हात हलवला नाही कधी.

मथळा आला : पोपची गादी अखेर भरली.
मला गल्लीतला पिंजारी आठवला, एकटाच हसलो.
मजकुरात कार्डिनलचा झाला होता कार्डियाक.
काळदाते म्हणाले, "तुमच्यातलं आहे, तुम्हीच बघा."

तुमच्यातलं.
चोवीस डिसेंबरलाही हेच म्हणतात
आणि फोटोग्राफर लाल टोपी शोधत फिरतो.
आमच्याकडं पेटी आहे, ढोलकी आहे,
डोईवर पदर घेतलेली सगुणामावशी आहे,
मिस्सेनंतर द्रोणातली बुंदी.
फोटो परत येतो :
नाताळासारखा वाटत नाही.

सिनेमात माझं नाव कायम पीटर.
छातीवर वीतभर क्रूस, हातात बाटली,
हिरोला मोटारसायकल उसनी देतो
आणि मध्यंतराच्या आत मरतो.
तिथल्या फादरला वीज कडाडल्याशिवाय
पापनिवेदन ऐकूच येत नाही,
जाळीपलीकडं खुनी ठरलेला.
आमचे फादर व्हॅलेरियन
लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात.
मधेच पोरं चेंडू मागायला येतात.
खुनी अजून आला नाही.
मी जातो, महिन्याच्या पहिल्या शनिवारी,
माझ्या पापांवर ट्रेलरसुद्धा निघणार नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक बातमी होती, परदेशातली.
एक धर्मगुरू. वसतिगृह. मुलं.
आणि सगळं ठाऊक असून
वर्षानुवर्षं फायली बांधत बसलेलं कार्यालय.
पान सात, खालचा कोपरा, चौदा ओळी.
काळदाते जवळ आले, आवाज उतरवून म्हणाले,
"जड जात असेल तर काढू.
शेवयाच्या मशीनची जाहिरात आहे, बरोबर तेवढीच बसते."
भला माणूस. भलेपणानंच विचारलं.

मी पण बोर्डिंगातलाच.
पहाटेची घंटा, मिलोची तांबडी भाकर,
तापात रात्रभर कपाळावर
ओली पट्टी बदलणारा एका फादरचा हात.
तो हात खराच होता.
आणि या चौदा ओळी.

चहा गार झाला.
'पिडीत' होतं, 'पीडित' केलं.
'कथित' तीनदा आला होता,
एक खोडला, दोन राहू दिले.
बातमी ठेवली.

रविवारी सगुणामावशीनं वेदीसाठी झेंडू आणला
नेमका पान सातमध्ये गुंडाळून.
फुलं काढली तर खाली क्रूसाचं चित्र.
"आपलं दिसतंय की रे. वाच बरं, काय लिवलंय?"
चर्चच्या पायरीवर बसून मी वाचलं,
हळू, चौदाच्या चौदा.
मावशीनं ओला कागद मांडीवर सपाट केला.
"मंग? त्या लेकरांचं काय झालं?"
ते आलेलं नव्हतं, मावशी.
ते आम्ही छापलं नाही.

मिस्सेत विश्वासूंच्या प्रार्थना सुरू झाल्या.
नव्या पोपसाठी. पावसासाठी.
दहावीच्या निकालासाठी.
फादर पुढं सरकणार
तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून मावशीचा आवाज :
"त्या लेकरांसाठी."
फादरांनी वर पाहिलं.
कुठली लेकरं, कुणालाच माहीत नव्हतं.
पण सवयीनं
अख्खं चर्च म्हणालं,
हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.