एका खोलीचं तेल

सेडीनं तीस वर्षं मासळीच्या सोसायटीत हिशेब लिहिले.
त्यामुळे डॉक्टर कोमोंच्या काट्यावर
एकशे एकेचाळीस किलो उमटले,
तेव्हा ती रडली नाही, रागावली नाही;
वाटेत दुकानाशी थांबून एक निळी वही घेतली
आणि माझ्या नावानं खातं उघडलं.

पहिली ओळ: लायसन्स.
रक्तदाब असाच राहिला तर शाळेची बस नाही,
बस नाही तर पगार नाही.
एवढी एकच ओळ लाल शाईत.

बसच्या स्टिअरिंगला माझं पोट घासायचं.
कोटाची तिसरी गुंडी दर टर्मला झिजून तुटायची.
सेडी नवी लावायची, बोलायची नाही.

मग मी चालू लागलो, दीपगृहापर्यंत,
केप ब्रेटनचा वारा तोंडावर घेत.
पहिल्या दिवशी विजेच्या दुसऱ्याच खांबाला धरून उभा राहिलो,
जसा काही खांब पडत होता आणि मी त्याला सावरत होतो.
बंदरावर हेक्टरनं माझ्यापुढं डोनट सरकवला,
मी परत सरकवला.
महिनाभर तो डोनट टेबलावर
बुद्धिबळातल्या उंटासारखा फिरत राहिला.
शेवटी हेक्टर हळूच म्हणाला, "रॉडी, कॅन्सर तर नाही ना?"

वही भरत गेली.
डोनट आणि कॉफी: आठवड्याला सव्वीस डॉलर जमा.
रक्तदाबाची दुसरी गोळी बंद: जमा.
कॅल्गरीला पोराकडे जाताना विमानात एकच सीट:
जमा, खाली दोन रेघा.
खर्चात पाटलोणी तीन,
आणि अंगठी लहान करण्याची मजुरी.
सोनारानं कापून काढलेला सोन्याचा कण
कागदाच्या पुडीत परत दिला;
सेडीनं तोही जमेत धरला.
"तुझ्यातून निघालेलं एवढंच काय ते कामाचं," म्हणाली.

जुने कपडे चर्चच्या सेलला दिले.
डिसेंबरात पोस्टापुढून मीच चालत जाताना दिसलो:
तोच तपकिरी कोट, तीच रुंद पाठ,
बर्फावरून जपून, पाय फाकवून.
बराच वेळ मी त्याच्या मागून गेलो.
हाक मारावीशी वाटली. काय म्हणून मारणार?
तिसऱ्या गुंडीकडे लक्ष ठेव म्हणून?

एक गोष्ट वहीत नाही.
फेरी संपली की बस शेवटच्या बाकापर्यंत तपासायची, असा नियम.
वर्षानुवर्षं मी आरशात बघूनच
"रिकामी" अशी खूण केली आहे,
कारण त्या अरुंद वाटेतून आडवं होऊन जायचं
आणि धापा टाकत परत यायचं.
जानेवारीत गेलो. सरळ गेलो.
शेवटच्या बाकाखाली मॉरागची धाकटी,
टोपी नाकावर ओढून, गाढ झोपलेली.
बाहेर उणे अठरा.
आरशातल्या त्या सगळ्या वर्षांची रक्कम
कुठल्या रकान्यात घालायची?
सेडीला अजून सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत तेलाचा टँकर आला.
मीटर वाचून पोरगा म्हणाला,
"यंदा कमी जळलं. कुणी घर सोडून गेलं काय?"
कुणी गेलं नव्हतं.
चार हिवाळे मी मुलाच्या रिकाम्या खोलीत झोपत होतो,
नाकाला मुखवटा, उशाशी मशीन,
आणि घोरणं असं की सेडी म्हणायची,
ट्रॉलर बंदरात शिरतोय.
नोव्हेंबरात मशीन कपाटात गेलं.
त्या खोलीचा रेडिएटर बंद केला, दार ओढून घेतलं.

"एका खोलीचं तेल," तिनं जमेच्या बाजूला लिहिलं.
सेंटसुद्धा न सोडणारी बाई,
आकड्याची जागा कोरी ठेवून वही मिटली.

रात्री तिचे बर्फगार पाय माझ्या पोटरीला टेकतात.
मी ओरडतो.
ती म्हणते, गप, सरक. जागा आहे आता.