डांगरांचा हिशेब

सावद्याच्या बाजारात
मी एका वेळी बावीस डांगरं घेते,
देठासकट, खरचटलेलं एकही नाही.
सुपडाबाई विचारते,
"कायले लागता व तुले इतके? लगीन आहे का कोनाचं?"
पाहुणे यायचेत जेवायला, म्हणते मी.

खोटं नाही ते.
अंधाऱ्या खोलीत फळ्यांवर मांडतो आम्ही डांगरं
आणि त्यांच्यावर सोडतो पिठ्या ढेकूण,
तोच,
ज्याच्या नुसत्या बातमीनं पपईवाले झोप घालवून बसलेत.
तालुक्यात नाही तो अजून. फक्त आमच्याकडे,
दोन दारांच्या आत.

महिन्याभरात डांगर पांढरं होतं,
गिरणीत झोपून उठल्यासारखं.
मग बाहीला रबर लावून फेगडे मॅडम
काचेची नळी उघडतात
आणि ती निघते.
मोहरीचे चार भाग केले तर त्यातला एक.
कागदावर गांधीलमाशी लिहितात तिला.
डंख नाही, गुणगुण नाही.
ढेकणाच्या पाठीवर चढते, मिशांनी ठोकून बघते,
सुपडाबाई डांगर ठोकते तशी,
पसंत पडलं की आत अंडं ठेवते
आणि पुढच्याकडे वळते.

शत्रूचा शत्रू पाळायचा
तर आधी शत्रूला जेवू घालावं लागतं.
हे कुणी शिकवलं नाही मला.
ओझं उचलता उचलता कळलं.

मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला
आणि वीज गेली ती रात्रीही आली नाही.
पिंजरे गोणपाटात गुंडाळले.
हुसेन तडवीनं आपल्या प्यायच्या माठातलं पाणी
त्यांच्यावर शिंपडलं, मग पुठ्ठ्यानं वारा घातला,
एक हात थकला की दुसऱ्यानं.
सकाळी मोजल्या.
तीनशे बारातल्या एकशे नव्वद.
तो म्हणाला, "बऱ्याच राहिल्या,"
आणि भिंतीला टेकून झोपला.

जळगावहून तपासणीला साहेब आले.
रजिस्टरवर बोट फिरलं, थांबलं.
वाढवल्या: अकरा हजार चारशे.
सोडल्या: शून्य.
"कीड कुठंय?"
"आली नाही अजून, साहेब."
"मग हे सगळं कुणासाठी?"
मॅडम म्हणाल्या,
"ती आल्यावर डांगरं पांढरी व्हायला महिना लागतो.
ती महिनाभर थांबेल का, विचारून सांगा."
साहेबांनी चष्मा पुसला.
डांगरांच्या बिलाला लाल खूण केली.

ऑगस्टात एकदा फैजपूरच्या स्टँडवर,
रसवंतीमागच्या जास्वंदीला
पान आखडलेलं दिसलं.
उलटलं. खाली पांढरा कापूस.
भिंग पिशवीत असतंच.
तोच.

समोरून बऱ्हाणपूरकडचे ट्रक जात होते, रोपांनी भरलेले.
त्यांतल्या एखाद्यातून उतरला असेल.
किंवा आमच्या दोन दारांमधून,
माझ्याच बाहीवरून.
हे मी अजून कुणाशी बोललेले नाही.

यावलची बस आली. सोडली.
पुन्हा भिंग लावलं,
तर त्या पिठात एक ढेकूण फुगलेला, तपकिरी, वाळलेला,
पाठीला गोल भोक,
सुई आतून बाहेर काढावी तसं.
शेजारी दुसरा.
सहा मोजले, मग बोट थरथरलं.

ती आमच्याआधी पोचली होती.
सोडली नव्हती कुणी.
रजिस्टरात अशा जाण्याला रकाना नाही.

नियम म्हणतो फांदी कापा, जाळा.
जाळली तर दोघंही जळतात.
रसवंतीवाला ओरडला,
"ओ ताई, फूल पाहिजे तर घ्या ना, इतकं काय बघता!"
फूल नको होतं.
पिशवीच्या बंदातला धागा ओढून
मी फांदीला खुणेची गाठ मारली
आणि मॅडमना फोन लावला. लागेना.

शनिवारी बाजार आहे.
सुपडाबाईला निरोप धाडलाय,
बावीस नको,
चाळीस ठेव.