खोली चार, उत्तरेची भिंत

लोक आधी पाटी वाचतात:
‘करंदी सोलणारी गोडेलीव्ह. तैलरंग, १९४९.’
मग मान वर करतात, आणि निम्मे तरी विचारतात,
बाईचा गाल हिरवा का?

मी इथला रखवालदार. बोलायचं नसतं मला.
‘हात मागे ठेवा’ एवढाच माझा अधिकार.

परवा गाइडबाई शाळेच्या पोरांना सांगत होत्या,
हिरवा म्हणजे दुःख, जांभळा म्हणजे थकवा,
चित्रकारानं माणूस नाही, मन रंगवलंय.
पोरं वहीत उतरवून घेत होती. घेऊ देत.

पण मी अठ्ठावीस वर्षं ओस्टेंडच्या धक्क्यावर काढली.
पहाटे तीनला, लिलावाच्या आधी,
मर्क्युरीच्या दिव्याखाली बायका सोलायला बसायच्या.
तो उजेड कुणाचीही गय करायचा नाही.
माझी आई त्यात हिरवी दिसायची.
शेजारची झुल्मा तर बुडून वर आल्यासारखी,
आणि हसायची खदाखदा.

तेव्हा दुःखबिःख असेल.
आधी तो गाल बरोबर आहे.

बाजूनं बघा, रंग असा थापलाय
की गवंड्याचा हात वाटावा.
हनुवटीपाशी ब्रशचा एक केस तसाच चिकटून राहिलाय.
घाई होती त्याला. तिलाही.
बोटं म्हणजे नुसते फटकारे,
मोजायला गेलात तर सहा भरतात, कधी सात.
सोलणाऱ्या बाईची बोटं
मोजून दाखवा कुणी.

एकच गोष्ट मला लागत नाही: कान.
लालभडक, आत्ताच फुंकलेल्या निखाऱ्यासारखा.
त्या दिव्यात तांबडं काही टिकत नसे,
आईचा लाल रुमालसुद्धा चिखलाचा व्हायचा.
थंडी म्हणावी, तर नाक का फिकं?
चौकटीबाहेरून कुणी
काही बोललं असेल तिच्याशी?
तिची नजर तर टोपलीतच आहे.
पण ओठाचा तो कोपरा,
पिवळ्याची एकच रेघ, सुरीच्या टोकानं ओढलेली…

संध्याकाळी दिवे मालवताना ही खोली मी शेवटी ठेवतो.
आधी कान काळा पडतो.
हिरवा गाल बराच वेळ जात नाही.

काल खुर्ची उचलून त्या बाजूला नेली,
कानाच्या. बसलो थोडा.

सकाळी फान हूकेबाईंनी विचारलं,
खुर्ची इकडे कशी?
म्हटलं, इथून दार नीट दिसतं.