पाय उचलला की

झिगुर्ड्सच्या डोक्याला मी पेस्ट लावते,
वाटाण्याएवढी, थंड.
तो दर वेळी तेच म्हणतो :
हेरिंगला मीठ चोळतेस तशी चोळ, लाजू नकोस.
टाळूच्या जरा उजवीकडे एक तार,
कानांच्या पाळ्यांना एकेक.
यातून आत काही जात नाही, हे पहिल्या दिवशी
त्याला तीनदा सांगावं लागलं.
तार नुसती ऐकते,
शेजारच्या भिंतीला कान लावावा, तशी.

एकतीस वर्षं त्यानं ट्राम चालवली
लिएपायाच्या एकुलत्या एक मार्गावर,
डावा पाय पेडलवर दाबून.
पेडल असं, की पाय उचलला की गाडी थांबते.
चालकाला डुलकी लागली, तो मेला,
किंवा मेंदूत मध्येच वीज चमकून गेली
तरी माणसं वाचावीत म्हणून.
माणसं वाचली. सतरा.
एका बाईची अंडी फुटली,
त्याचे पैसे त्यानं नंतर घरी नेऊन दिले.

मग गोळ्या. सकाळी दोन, रात्री दोन.
झटके कमी झाले, आणि शब्दही.
मिर्दझा सांगते, एकदा मला हाक मारायला
ह्यानं तोंड उघडलं आणि नुसताच बघत राहिला,
रोजच्या स्टॉपचं नाव विसरावं, तसा.

पडद्यावर एक होडी आहे.
सेकंदाला तेरा-चौदा अशा बारीक लाटा
त्याच्या डोक्यात उठल्या, की ती सरकते.
कशा उठवायच्या? तो विचारतो.
ते मला सांगता येत नाही.
मांजर बिळापाशी बसतं ना, म्हणते मी,
अंग दगड, डोळे टक्क,
तेव्हा त्याच्या डोक्यात अशाच लाटा असतात.
"मला उंदीर नको," तो म्हणतो,
आणि जबडा आवळून होडीकडे बघतो.

अकरा बैठका होडी हलली नाही.
कपाळावर शीर, मुठी वळलेल्या,
खुर्चीच्या दांडीवर रोवलेला डावा पाय.
तो जितका रेटायचा
तितकी ती नांगर टाकून बसायची.
बाहेर समुद्राचा वारा खिडकी धडधडवत होता,
त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

बाराव्या दिवशी मीच कंटाळून विचारलं,
शेवटच्या स्टॉपला पोचल्यावर काय करायचास?
काय करणार. ब्रेक. दारं उघडायची.
म्हातारे आधी उतरायचे, मग शाळेची पोरं.
सगळे गेले, की पाय उचलायचा.
मग चार मिनिटं काहीच नाही.
काच. लिंडनचं झाड. थर्मासमधला चहा,
तोही बहुतेक वेळा प्यायचा राहून जायचा...
बोलता बोलता दांडीवरून पाय सुटला
आणि होडी निघाली.

"अगं!" तो ओरडला,
आणि ती थांबली.

माझ्या वहीतली नोंद अशी :
आधीच्या सहा महिन्यांत झटके नऊ,
या सहा महिन्यांत तीन.
रीगाच्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी उतरवली.
एकच. म्हणाल्या, होडीमुळे असेल,
गोळीमुळे असेल, नशिबामुळे असेल,
तूर्त यातलं काहीच सोडू नका.
मी वाद घातला नाही.
परवाना त्याला परत मिळणार नाही.
तो ट्रामनंच येतो, मागच्या बाकावर बसून.
मिर्दझाचं लक्ष त्याच्या बुटाकडे असतं :
वळणावर अजून दाबतो,
पूल गेला, की सोडतो.
परवा त्यानं तिला नावानं हाक मारली,
कामही काही नव्हतं.

काल टोप्या धुऊन झाल्यावर
मी ती तार स्वतःला लावून पाहिली.
खोली रिकामी, दिवा एक.
डब्लिनला गेलेल्या पोराचा फोन नाही,
भाडं भरायचंय,
तरी मी म्हटलं, मला काही नको, काहीच नको,
चल.
होडी जागची हलली नाही.
माझाही पाय कुठेतरी दाबलेला असणार.
कुठे, ते शोधत बसले
पेस्ट केसांत वाळून जाईपर्यंत.