तळटीप त्रेचाळीस

राजारामपुरीत माझं टायपिंगचं दुकान:
मराठी, इंग्रजी, बाइंडिंग, पाठीवर सोनेरी नाव.
विद्यापीठाचे प्रबंध माझ्या बोटांखालून जातात,
मी वाचत नाही. वाचलं की स्पीड पडतो.

पण तेजस्विनी आवटीचं चौथं प्रकरण आलं
आणि बोटं अडली.
"पखालीची विहीर १८९४ साली बांधली गेली."
खाली तळटीप त्रेचाळीस: मुक्त ज्ञानकोश, अमुक तारखेला पाहिला.
त्यावर गुळवणी सरांची हिरवी शाई:
"इथं कुणीही उठतो, काहीही लिहितो. हा संदर्भ नव्हे."

सरांचं बरोबर होतं.
तो कुणीही म्हणजे मी.

बारा वर्षं झाली. मे महिना, लाइट गेलेली, गिऱ्हाईक नाही.
दस्तगीरचाचा रेशनकार्डात नाव दुरुस्तीचा
अर्ज लिहून घ्यायला बाकावर बसलेले.
बोलता बोलता म्हणाले,
"आमच्या आज्ज्यानं त्या विहिरीचं पाणी पाजलंय रं पेठेला.
साथ आल्ती न्हवं का, त्येच्या आदल्या साली खणली."
कुठली साथ, ते विचारायचं राहिलं.
मी एका साथीचं साल धरलं, त्यातनं एक वजा केला
आणि इन्व्हर्टर बसायच्या आत 'जतन करा' दाबलं.
चाचांचं नाव घातलं नाही.
नावाला तिथं रकाना नव्हता.

वाक्याच्या शेपटाला कुणीतरी
चौकोनी कंसात टाचणी मारली: संदर्भ हवा.
सात वर्षं ती तशीच,
किराणा दुकानाच्या वहीतल्या उधारीसारखी.
मग एका रविवारच्या पुरवणीत
माझं वाक्य छापून आलं, शब्दाला शब्द,
फक्त 'बांधली गेली'च्या जागी 'बांधण्यात आली'.
मग कुणी ती पुरवणी आणली
आणि त्याच वाक्याखाली टेकू म्हणून लावली.
टाचणी निघाली.
माझ्या अंदाजाचं आधारकार्ड झालं.

तेजस्विनीनं ज्ञानकोश खोडला, पुरवणी घातली.
सरांनी बरोबरची खूण केली.

मग मी तिला सगळं सांगितलं.
ती हसली नाही. म्हणाली, "चला, विहीर बघू."
स्कूटीवरनं गेलो. विहिरीवर स्लॅब,
स्लॅबवर मिसळीची गाडी, कटाचा वास,
शेजारी चाचांच्या मन्सूरचं पंक्चरचं खोपटं.
मन्सूर ट्यूब पाण्यात दाबत बोलला,
"अब्बा तर आमाला सांगायचे, साथ गेल्यावर खणली."
"कशावरनं?"
बुडबुडा कुठनं येतोय ते बघत म्हणाला,
"अब्बांवरनं की."

त्या रात्री मी आकडा काढला.
बदलाचं कारण लिहिलं: मीच घातला होता, अंदाजानं.
चार मिनिटांत आकडा परत.
पुण्यात की परदेशात, कुणीतरी जागा होता:
"ससंदर्भ मजकूर काढू नये."
पुन्हा काढला. पुन्हा उलटवला.
तिसऱ्यांदा लिहिलं, दस्तगीर पखाली यांनी
माझ्या दुकानात, बाकावर बसून सांगितलं.
त्यानं शांतपणे विचारलं,
"हे कुठे प्रकाशित झालं आहे?"

कुठंच नाही.
खोकत खोकत बोलले होते.
आणि माणूस शिस्तीचा होता, त्याच्यावर चिडू कसा?
असा एक जण त्या मे महिन्यात
माझ्या खांद्यामागं उभा असता तर बरं झालं असतं.

शुक्रवारी पाच प्रती बांधल्या, मरून रेग्झिन.
तळटीप त्रेचाळीस आता दोन ओळींची.
वर पुरवणी, तारखेसह.
खाली, सरांच्या नजरेतनं सुटलेलं किंवा सरांनी सोडलेलं:
"साल अनिश्चित. मौखिक माहिती: कै. दस्तगीर पखाली, टंकलेखकामार्फत."

'पखाली'नंतरचा स्वल्पविराम
मी तीनदा तपासला.