आधी पाय विचारा

पहिल्या दिवशी डॉक्टर एउलालिया ओब्लितास यांनी
आम्हा सातजणांना बूट काढायला लावले.
अरेकिपातली जुलैची सकाळ, इस्पितळामागचं अंगण,
पांढऱ्या ज्वालामुखी दगडाची फरशी
रात्रीची थंडी सोडायला तयार नव्हती.
"सांगा," त्या म्हणाल्या,
"कुठल्या मातीवर चालत मोठे झालात?"

आम्ही तक्ते पाठ करून आलो होतो.
प्रत्यारोपणानंतरचा पहिला महिना जखमेचा, नळ्यांचा,
पुढचे पाच विषाणूंचे, बुरशीचे, जुन्या हिशेबांचे.
मातीचं कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

रेनान म्हणाला, डांबर. सगळे हसले.
अब्रिल म्हणाली, पुनोचं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या.
मी म्हणाले, माद्रे दे दिओसच्या काठचा चिखल,
वडील सोनं गाळायचे, बूट फक्त रविवारचे.
त्यांनी वहीत काहीतरी टिपलं.

मग तेओफिलो चोकेवांका.
बस चालवायचा. बहिणीचं मूत्रपिंड त्याला बसवलं.
शरीर म्हणालं, हा कोण?
आम्ही म्हणालो, गप्प, घरचाच आहे.
पुन्हा कुरकुरलं, पुन्हा स्टिरॉइड वाढवले,
वेशीवरच्या एकूण एक राखणदाराला अफू पाजली.
मूत्रपिंड कामाला लागलं.
भरलेली पिशवी बघून बहीण रडली.

तिसऱ्या महिन्यात म्हणाला, पोट जरा फुगतंय.
ताप नाही, असं मी लिहिलं
आणि खाली रेघ ओढली, जणू चांगली बातमी.
ताप आणणारे निजले होते. मीच निजवले होते.
रक्तातही काही दिसेना, त्याच कारणानं.
पोटावर एक तांबडी रेघ होती.
सकाळी बेंबीपाशी,
मी डबा खाऊन आले तोवर बरगडीखाली.
खाजतंय म्हणाला.
मी मलम दिलं.

नवव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या इलारिओनं हाक मारली,
"डॉक्टर, थुंकीत हे हलतंय."

चाळीस वर्षांमागं, बसच्या कितीतरी आधी,
दोन पावसाळे तो जंगलात लाकडं तोडायला गेला होता.
अनवाणी.
केसाहून बारीक अळ्या तळव्यातून आत शिरल्या
आणि तिथंच नांदल्या, पिढ्यान्‌पिढ्या,
राखणदारांच्या धाकात, कुणाला त्रास न देता.
फाइलीत लिहिलं होतं: व्यवसाय, चालक.
आधी काय करायचा, कुणी विचारलं नाही.
कुणी म्हणजे मी.

"गोळ्या होत्या. स्वस्त. मेंढ्यांनासुद्धा देतात.
शस्त्रक्रियेआधी दिल्या असत्या तर"
हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.
मग म्हणाल्या, बहीण दरवर्षी तपासणीला येते,
एका मूत्रपिंडावर ठणठणीत आहे.
दरवर्षी विचारते, माझंच काही वाईट होतं का?
दरवर्षी मी नाही म्हणते.
तिला पटत नाही.

बूट घाला असं त्या म्हणाल्याच नाहीत,
आम्हीच घातले.

दुसऱ्या दिवशी माझी तपासणी करून घेतली.
शुक्रवारी हातात पाकीट दिलं. "उपाशीपोटी, दोन दिवस."
त्या रात्री मी उशिरापर्यंत स्वतःचे तळवे बघत बसले.
वीस वर्षं माझ्यात कुणीतरी राहत होतं
आणि मी मात्र
एकटं वाटतं म्हणून आईला फोन करत होते.

आता प्रत्यारोपणाच्या यादीतल्या कुणाच्याही खाटेशी बसले
की आधी नाव, मग पाय.
मग विहीर, कबुतरं, कच्च्या दुधाचं चीज,
घरात कोण खोकत होतं, किती दिवस.
माणसं वैतागतात.
काल एक शिंपीण म्हणाली,
"बाई, मूत्रपिंड बसवायचंय, लग्न नाही जुळवायचंय."
म्हटलं, लग्नच आहे हे, जन्माचं.
माहेरचं सगळं विचारावं लागतं.

ती हसली नाही.
खिडकीतून मिस्ती डोंगराकडे बघत राहिली,
मग पायातली चप्पल काढली.
"लहान असताना," म्हणाली, "दारात नदी होती."