नमुना प्रत

बुधवारच्या बाजारात, गंगेच्या काठाला,
नळाच्या तोट्या आणि बिनकाट्यांची घड्याळं
यांच्याखाली ती दबली होती.
इस्माईल पिंजारी म्हणाला, "अर्धंच आहे साहेब, शंभर द्या."
अर्धं नाही रे. हे एवढंच असतं.

तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांच्या तावांतली चूक शोधली,
आणि सुट्टीच्या दिवशी घरी आणत राहिलो
ही बोलघेवडी, अपुरी पुस्तकं:
सोळा पानं सलग, मग एकदम एकेचाळीस,
मग एकशे बारा. तिथं एक बाई
विहिरीत वाकून म्हणते, "मी तुला आधीच"
आणि संपलं.
पुठ्ठ्याच्या आत तीन कणे चिकटवलेले,
कागदी, कापडी, चामडी.
बोट फिरवा आणि ठरवा.

दा. शं. गायधनी, फिरते विक्रेते,
यांच्याच दहा आहेत माझ्याकडे.
मागच्या रेघांवर चांदोरी, सायखेडा, ओझर.
कुणी मास्तर: कापडी, आठ आणे आगाऊ,
"बहिणीच्या नावे पाठवावे."
कुणी तंबाखूवाला: चामडी, आगाऊ नाही.
एके ठिकाणी नुसता अंगठा,
शेजारी गायधनींच्या अक्षरात, "वाचून घेईल."

पहिलं नाव मात्र दहाही ठिकाणी एकच.
सौ. मथुरा गायधनी, नाशिक. चामडी.
पैशाचा रकाना रिकामा.
धंद्यातली युक्ती, मला फार उशिरा कळली:
कोऱ्या पानावर पहिली सही करायला
कुणी धजत नाही,
म्हणून घरचं माणूस आधी बसवायचं.
दहा पुस्तकांची पहिली गिऱ्हाईक ती.
एक तरी तिच्या हाती पडलं असेल का,
देव जाणे.

आजच्या या अकराव्या प्रतीत
पहिली ओळ कोरी आहे.
नावं दुसरीपासून. वळण तेच,
जरा उतरतं.
सिन्नर, कागदी, चार आणे.
पुढे आणखी दोन, आणि मग नुसत्या रेघा.

मी शंभर दिले. घासाघीस केली नाही,
इस्माईलला त्याचंच नवल.
घरी येऊन पेन उघडलं होतं,
खोटं कशाला बोलू.
पण दुसऱ्याच्या हिशेबात हात घालायची सवय नाही,
टोपण लावून टाकलं.

मग तिन्ही कण्यांवरून बोट फिरवलं.
कापडी जवळजवळ नवा. कागदी तर कोराच.
चामडी तेवढा झिजून
आतला पुठ्ठा दिसतोय.
हात सगळ्यांनी त्यालाच लावला होता.